पिकवणे आणि टिकवणे: घरच्या अन्नाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षे घरी भाजीपाला पिकवते आणि जो उरतो तो वाळवते, आंबवते, बाटल्यांत भरते, फ्रीझरमध्ये ठेवते. या काळात जे प्रश्न मला स्वतःला पडले आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे खाली दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत. तिथे चूक झाली तर नुसते अन्न वाया जाऊन भागत नाही, जिवावर बेतू शकते.

घरचे पिकवून पूर्णपणे स्वयंपूर्ण होता येते का?

आधी हिशेब करून पाहा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २००० कॅलरी लागतात असे धरले, तर वर्षाच्या ७ लाख ३० हजार होतात. एक किलो बटाट्यात सुमारे ७७० कॅलरी असतात. म्हणजे कोणी नुसत्या बटाट्यांवर राहायचे ठरवले, तर वर्षाला साडेनऊशे किलो बटाटे हवेत. घरच्या जमिनीत चौरस मीटरमागे दोन-तीन किलो बटाटा निघाला, तर एका माणसासाठी सव्वातीनशे ते पावणेपाचशे चौरस मीटर जागा लागली. टोमॅटोच्या बाबतीत हाच हिशेब चार टनांवर जातो.

तेव्हा अंगणात किंवा गच्चीवर पिकवून घरातले सगळे अन्न निघत नाही. पण घरातल्या पालेभाज्या, मिरच्या, सुगंधी पाने, वर्षभराचे टोमॅटो, लसूण, घेवडा हे सगळे घरचे असू शकते. पोट भरणारे धान्य बहुतेकांना बाहेरूनच आणावे लागते आणि त्यात काही कमीपणा नाही. ‘सगळे किंवा काहीच नाही’ असे धरून बसलेली माणसे दुसऱ्या वर्षी वाफे ओस टाकतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. एखादीच गोष्ट वर्षभर विकत आणावी लागली नाही, तरी ती स्वयंपूर्णता खरी आहे.

सुरुवात कुठून करायची?

फळीवरून. वाफ्याकडे नंतर वळा.

पहिल्या वर्षी मी टोमॅटोची २४ रोपे लावली. रोपे जोमाने वाढली, सगळी एकाच वेळी फळावर आली आणि तीन आठवड्यांत घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. बाटल्या नव्हत्या, वाळवायला जाळ्या नव्हत्या, फ्रीझर भरलेला होता. निम्मा माल वाटला, बराचसा सडून खतात गेला. पीक उत्तम आले आणि तरीही पुढचे दहा महिने घरात टोमॅटो विकतचाच होता.

तेव्हापासून मी उलटी सुरुवात करते. आधी घरात एका महिन्यात काय आणि किती खाल्ले जाते ते लिहून काढायचे. त्यातले काय टिकवता येते, कोणत्या पद्धतीने, त्यासाठी किती बरण्या आणि किती जागा आहे, हे पाहायचे. मग त्या आकड्यावरून रोपे ठरवायची. समजा आठवड्याला अर्ध्या लिटरची टोमॅटोच्या रसाची एक बाटली लागते. वर्षाच्या ५२ बाटल्या झाल्या. बाटलीला साधारण पाऊण ते एक किलो फळ धरले, तर ४० ते ५२ किलो टोमॅटो हवेत. नीट वाढलेले झाड तीन ते पाच किलो देते, म्हणजे १२ ते १५ झाडे पुरतात. ताजे खायला आणखी दोन-तीन. रोपांची संख्या अशी बरणीवरून ठरली की वाया जाण्याचे प्रमाण आपोआप घटते.

घरात कोणी खात नाही ते लावू नका. ऐकायला साधे वाटते, पण बियांच्या पाकिटावरचे चित्र पाहून फसणारे खूप असतात.

जागा अगदी थोडी आहे. कुंड्यांत जमेल का?

जमेल, मात्र ऊन किती येते ते आधी पाहा. टोमॅटो, मिरची, काकडी, घेवडा अशा फळभाज्यांना सहा ते आठ तास थेट ऊन हवे. पालेभाज्या तीन-चार तासांवरही बऱ्यापैकी निघतात. मोकळ्या दिवशी सकाळपासून दर तासाला जागेवर ऊन आहे की सावली, ते कागदावर टिपून ठेवा. अंदाजाने ‘भरपूर ऊन येते’ म्हटलेल्या जागी अनेकदा चार तासही भरत नाहीत.

पालेभाजीला १५ सेंटिमीटर खोली पुरते. टोमॅटोच्या एका झाडाला किमान २० लिटरची कुंडी द्या. लहान कुंडीतले झाड उन्हाळ्यात दिवसातून दोनदा माना टाकते आणि पाण्याच्या अशा चढउताराने फळाचा बूड काळा पडतो. याला लोक रोग समजून फवारण्या करतात. खरे कारण म्हणजे पाणी अनियमित मिळाल्याने फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही.

जुन्या इमारतीच्या भिंतीलगत किंवा रहदारीच्या रस्त्याकडेला वाफा करायचा असेल, तर तिथली माती वापरू नका. जुन्या रंगातले आणि एके काळच्या पेट्रोलमधले शिसे मातीत वर्षानुवर्षे राहते. तिथे उंच कडांचा वाफा करून त्यात बाहेरची स्वच्छ माती आणि खत भरलेले बरे.

माती कशी तयार करायची?

खत घरीच करा. वाळलेला पाला, गवत, पुठ्ठा हे कर्ब देणारे पदार्थ आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा, हिरवे गवत, शेण हे नत्र देणारे पदार्थ. कर्ब आणि नत्र यांचे वजनी प्रमाण २५ ते ३० ला १ असेल तर ढीग नीट तापतो. हे प्रमाण तोलत बसायची गरज नसते. ओल्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला घातला की जवळपास जमते. घाण वास आला तर ओले जास्त झाले आहे, सुके घालून ढीग हलवा. काहीच घडत नसेल तर पाणी शिंपडा आणि हिरवे वाढवा.

ताजे शेण किंवा कोंबडखत थेट भाजीला घालू नका. मातीला लागून वाढणाऱ्या भाज्यांसाठी कच्चे खत घालणे आणि तोडणी यांत किमान १२० दिवसांचे अंतर ठेवतात, कारण त्यातले जिवाणू कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पानांवर येऊ शकतात. चांगले कुजलेले खत काळे आणि भुसभुशीत असते आणि हातात घेतले की त्याला पावसाने भिजलेल्या मातीचा वास येतो.

पाणी किती द्यावे?

बहुतेक भाज्यांना आठवड्याला चौरस मीटरमागे २५ लिटर, कडक उन्हात त्याहून जास्त. रोज थोडेथोडे शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोलवर द्या, म्हणजे मुळे खाली जातात. बोट पेराभर मातीत खुपसून पाहा, ओल लागली तर थांबा. वाफ्यावर पाचट, गवत किंवा पाल्याचे चार-पाच बोटे आच्छादन घातले की पाणीही वाचते आणि खुरपणीही.

कीड पडली तर काय फवारायचे?

आधी पाने उलटून पाहा. मावा असेल तर पाण्याचा जोरदार फवारा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहणी, एवढ्यावर बहुतेक वेळा भागते. अळ्या हाताने वेचा, शक्यतो संध्याकाळी. मावा खाणारे लाल ठिपकेदार ढालकिडे दिसले तर काहीही फवारू नका, तुमचे काम ते करत आहेत. एकाच कुळातली भाजी त्याच वाफ्यात सलग घेऊ नका. टोमॅटो, मिरची, वांगे, बटाटा हे सगळे एका कुळातले आहेत हे अनेकांना माहीत नसते.

बियाणे घरचे धरता येते का?

येते, आणि माझ्या मते स्वयंपूर्णतेचा खरा कणा तोच आहे. पण सगळ्या भाज्यांचे सारखे सोपे नसते.

टोमॅटो, घेवडा, मटार, लेट्यूस यांची फुले बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतात, म्हणून पुढची पिढी आईसारखीच निघते. सुरुवात यांच्यापासून करा. पाकिटावर ‘एफ१’ किंवा ‘संकरित’ लिहिलेल्या वाणाचे बी धरले तर पुढच्या वर्षी झाडे एकसारखी निघत नाहीत. त्यासाठी सरळ वाण हवा.

टोमॅटोचे बी धरताना सर्वांत निरोगी झाडावरचे पूर्ण पिकलेले फळ घ्या. गर आणि बिया वाटीत काढा, थोडे पाणी घाला आणि दोन-तीन दिवस तसेच राहू द्या. वर पातळ पांढरा थर येतो आणि आंबूस वास सुटतो. बीभोवतीचा बुळबुळीत थर त्यात विरघळतो. मग भरपूर पाण्याने धुवा, तळाशी बसलेले बी घ्या, तरंगणारे टाका आणि ताटलीत पसरून सावलीत वाळवा. कागदावर पसरले तर चिकटून बसते.

भोपळा वर्गातले बी मात्र जपून धरा. मधमाश्या एका झाडावरचा पराग दुसऱ्यावर नेतात, आणि जवळपास शोभेचा किंवा जंगली भोपळा असेल तर घरच्या बियांपासून आलेल्या फळात कुकुरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये येऊ शकतात. ती शिजवून जात नाहीत. घरच्या बियांचा भोपळा किंवा झुकिनी चिरल्यावर कणभर कच्चा तुकडा जिभेवर लावून पाहा. कडू लागला तर थुंका आणि सगळे फळ टाकून द्या.

साठवणीचे दोन शत्रू, ओल आणि उष्णता. बी खडखडीत वाळवून हवाबंद बरणीत, थंड जागी ठेवा. कांद्याचे बी वर्ष-दोन वर्षांतच कमजोर होते, टोमॅटोचे चार-पाच वर्षे उगवते. पेरणीआधी दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून पाहा. सहाच उगवल्या तर पेरताना दाट पेरा.

टिकवण्याच्या इतक्या पद्धती आहेत. कोणती कशाला वापरायची?

पद्धती पाठ करण्याआधी अन्न का बिघडते ते समजून घ्या. बुरशी, यीस्ट आणि जिवाणू यांना पाणी लागते, सोसवेल एवढी आम्लता लागते आणि सोसवेल एवढे तापमान लागते. टिकवण्याची प्रत्येक पद्धत यांपैकी काहीतरी काढून घेते. वाळवण पाणी काढते. मीठ आणि साखर पाणी असूनही ते जिवाणूंच्या हाती लागू देत नाहीत. व्हिनेगर आणि आंबवणे आम्ल वाढवतात. फ्रीझर सगळ्यांना झोपवतो, मारत नाही. उकळणे मारते, पण सगळ्यांना नाही, आणि हे ‘सगळ्यांना नाही’ फार महत्त्वाचे आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

कोणतीही पाककृती पाहताना स्वतःला विचारा, इथे जिवाणूंना कोण अडवते आहे? उत्तर सापडले नाही, तर ती कृती फ्रिजबाहेर ठेवण्याची नाही.

वाळवताना बुरशी येते. काय चुकते?

बहुतेक वेळा हवेतली ओल. उन्हात वाळवायला तापमान ३० अंशांच्या वर आणि हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली हवी. दमट हवेत ऊन कितीही कडक लागले, तरी आतले पाणी बाहेर पडत नाही आणि रात्रीत परत ओल धरते. अशा ठिकाणी पंखा असलेले वाळवणी यंत्र किंवा मंद ओव्हन घ्या आणि भाजीसाठी ५५ ते ६० अंश ठेवा. सुरुवातीलाच जास्त तापवले तर वरची साल कडक होते, आत पाणी कोंडते आणि महिन्याभराने बरणीच्या मध्यातून बुरशी वर येते.

काप एकसारखे पातळ करा, अर्धा सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. गाजर, घेवडा यांना आधी दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढा, रंग आणि चव टिकते. वाळले की नाही हे हाताने ओळखायचे. घेवडा मोडताना कडक आवाज यावा. टोमॅटोचा काप वाकवल्यावर चामड्यासारखा वाटावा आणि चिमटीत दाबल्यावर ओलसरपणा बोटाला लागू नये. दहा किलो टोमॅटोचे सहाशे-सातशे ग्रॅम होतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे फसल्यासारखे वाटते, पण फळात ९४-९५ टक्के पाणीच होते.

वाळल्यावर लगेच डबा बंद करून ठेवून देऊ नका. फळांचे काप बरणीत दोनतृतीयांश भरा आणि आठ-दहा दिवस रोज हलवा. काही काप जास्त ओले असतात, त्यांची ओल बाकीच्यांत वाटली जाते. काचेच्या आतल्या बाजूला दव दिसले तर सगळे परत वाळवायला घाला.

आंबवलेली भाजी सडत नाही हे कसे?

मला या सगळ्यात आवडते ते हेच काम, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

एक किलो कोबी बारीक चिरा. त्यात २० ते २५ ग्रॅम मीठ घाला. चमच्याने मोजू नका, वजन करा, कारण जाड मीठ आणि बारीक मीठ चमच्यात सारखे बसत नाही. हातांनी दहा मिनिटे चुरडा. सुरुवातीला कोबी परातीत मावत नाही, मग हळूहळू मऊ पडतो, आवाज बदलतो आणि तळाशी पाणी जमू लागते. मूठभर घेऊन पिळले की बोटांमधून धार यायला हवी. मग बरणीत थोडाथोडा घालून मुठीने दाबत जा, म्हणजे मध्ये हवा राहत नाही. शेवटी कोबी स्वतःच्याच पाण्याखाली बुडलेला हवा. वर स्वच्छ काचेचे वजन किंवा पाण्याची छोटी पिशवी ठेवा. झाकण सैल असू द्या.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे दिसू लागतात. मिठामुळे सडवणारे जिवाणू मागे पडतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्यांना मोकळे रान मिळते. आधी एक जात काम करते, आम्ल वाढले की ती थांबते आणि जास्त आम्ल सोसणारी दुसरी जात पुढे येते. १८ ते २२ अंशांत तीन-चार आठवड्यांत पीएच (आम्लता मोजणारा आकडा, तो जितका कमी तितके आम्ल जास्त) ४ च्या खाली जातो. उकाड्यात हे लवकर होते पण भाजी मऊ पडते, म्हणून घरातली सर्वांत थंड जागा शोधा.

पाण्यावर पातळ, पांढरा, सपाट पापुद्रा आला तर तो यीस्टचा असतो, काढून टाका. लव असलेला, हिरवा, काळा किंवा गुलाबी थर ही बुरशी. ती आली असेल तर पूर्ण बरणी टाका. ‘वरचे काढून खालचे खाऊ’ असे करू नका. बुरशीने वरचे आम्ल खाल्लेले असते आणि खालच्या भागाचे रक्षण कमी झालेले असते.

काकडीसारख्या अख्ख्या भाज्यांसाठी मिठाचे पाणी करतात, लिटरला सुमारे ५० ग्रॅम मीठ. मीठ कमी करायचा मोह टाळा.

भाज्या बाटलीत भरून नुसत्या उकळल्या तर चालतील का?

टोमॅटोला आम्ल घालून चालतील. घेवडा, मटार, मका, गाजर, बटाटा, मशरूम यांना अजिबात नाही.

फ्रान्समधल्या निकोला अपेर या मिठाईवाल्याने बाटलीत अन्न भरून, बूच मारून, उकळून टिकवण्याची पद्धत १८१० मध्ये प्रसिद्ध केली. ती का टिकते हे त्याला सांगता आले नव्हते. जिवाणूंचा उलगडा पाश्चरच्या प्रयोगांनंतर झाला. अपेरच्या पद्धतीतल्या एका धोक्याची जाणीव त्याहूनही उशिरा आली.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू मातीत सगळीकडे असतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातली सुप्त रूपे, उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरतात. उघड्या हवेत ते निरुपद्रवी पडून राहतात. पण बाटलीत हवा नाही, आम्ल नाही, ओल आहे आणि घरातले तापमान आहे, म्हणजे त्यांना हवे ते सगळे आपणच हाताने जुळवून दिलेले असते. तिथे ते वाढतात आणि माहीत असलेल्या सर्वांत तीव्र विषांपैकी एक तयार करतात. वास येत नाही, रंग बदलत नाही, झाकण फुगेलच असेही नाही. एका घासाने माणूस दगावू शकतो. खाल्ल्यावर साधारण १२ ते ३६ तासांत एकाचे दोन दिसणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे, गिळता न येणे अशी लक्षणे दिसली तर एक मिनिटही न थांबता दवाखाना गाठा आणि घरची बाटलीबंद भाजी खाल्ली आहे हे स्पष्ट सांगा.

सीमारेषा आहे पीएच ४.६. याच्या खाली हे बीजाणू उगवत नाहीत, म्हणून जॅम, आंबट फळे आणि पुरेसे व्हिनेगर घातलेली लोणची उकळत्या पाण्यात प्रक्रिया करून ठेवता येतात. व्हिनेगर ५ टक्के आम्लतेचे हवे. त्यात पाणी आणि भाजी किती घालायची हे तपासून पाहिलेल्या कृतीप्रमाणेच ठेवा, चवीसाठी पाणी वाढवू नका. टोमॅटो नेमका सीमेवर आहे, पीएच ४.३ ते ४.९ च्या आसपास. म्हणून लिटरच्या बाटलीला बाटलीबंद लिंबूरसाचे दोन मोठे चमचे किंवा सायट्रिक अॅसिडचा अर्धा छोटा चमचा घालतात. ताज्या लिंबाची आम्लता कमीजास्त असते, म्हणून बाटलीबंद रस.

आम्ल नसलेल्या भाज्यांना ११६ ते १२१ अंश तापमान लागते आणि ते फक्त दाबाखाली मिळते. त्यासाठी दाब मोजणारे काटे असलेले खास कॅनिंगचे (अन्न बाटलीबंद करण्याचे) भांडे, म्हणजे कॅनर, आणि तपासलेले वेळापत्रक हवे. उंचीवर राहत असाल तर पाणी कमी तापमानाला उकळते, दर ३०० मीटरला सुमारे एक अंश कमी, म्हणून वेळ किंवा दाब वाढवावा लागतो.

हे साधन नसेल तर या भाज्या वाळवा, आंबवा किंवा फ्रीझरमध्ये ठेवा. मीही तेच करते.

रोजचा प्रेशर कुकर वापरला तर?

नको. वेळापत्रके मोठ्या कॅनरच्या सावकाश तापण्या-निवण्याचाही वेळ धरून बसवलेली असतात. छोटा कुकर लवकर तापतो, लवकर निवतो आणि आतला नेमका दाब कळत नाही. शिट्ट्या मोजून हे गणित सुटत नाही.

लसूण किंवा मिरची तेलात बुडवून ठेवली तर टिकते ना?

तेल टिकवत नाही, ते फक्त हवा अडवते. हवा अडवली की वरच्या उत्तरातल्या जिवाणूची सोय होते. ताजा लसूण घातलेले तेल फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा, नाहीतर फ्रीझरमध्ये टाका. ज्या लोणच्यांत तेलासोबत भरपूर मीठ आणि आम्ल असते त्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे राखण मीठ आणि आंबटपणा करतात.

फ्रीझरमधली भाजी गवतासारखी का लागते?

उकळत्या पाण्यातून न काढता ठेवल्यामुळे. भाजीतली विकरे (एन्झाइम) गोठवूनही हळूहळू काम करत राहतात. घेवडा तीन मिनिटे, पालक दोन, मटार दीड मिनिट उकळत्या पाण्यात आणि लगेच तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात. मग फडक्यावर नीट कोरडी करा, ताटात सुटी पसरून गोठवा आणि नंतर पिशवीत भरून हवा काढा. तापमान उणे १८ अंश हवे. वीज गेली तर दार उघडू नका. गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एकच दिवस. वीज वारंवार जाते तिथे सगळी भिस्त फ्रीझरवर ठेवू नये.

काहीच प्रक्रिया न करता काय टिकते?

बटाटे, कांदे, लसूण, लाल भोपळा. स्वयंपूर्ण व्हायचे असेल तर यांना वाफ्यात मानाचे स्थान द्या, कारण इंधन, बरण्या, वीज काहीच लागत नाही. चारही काढल्यावर आधी सुकवावे लागतात, म्हणजे सालीवरच्या जखमा भरून निघतात. कांदा-लसणाची मान पूर्ण वाळेपर्यंत हवेशीर सावलीत ठेवा. मान ओली राहिली की सड तिथूनच आत शिरते. भोपळा देठासकट काढा, देठ तुटलेला आधी खा.

बटाटे अंधारात, थंड जागी. उजेडात ते हिरवे पडतात आणि त्या भागात सोलानिन नावाचे विषारी द्रव्य वाढते. फार हिरवे किंवा कडू असतील तर फेकून द्या. कांदे आणि बटाटे शेजारी ठेवू नका, बटाट्यांची ओल कांद्याला बाधते. आठवड्यातून एकदा सगळे हाताखालून घाला. एक सडका निघाला तर त्याचे शेजारीही तपासा.

घरच्या वाळलेल्या घेवडा-मटाराच्या दाण्यांना कीड लागते, वाचवता येतात का?

वाळलेल्या घेवड्याच्या किंवा मटाराच्या दाण्यांत भुंग्याची अंडी शेतातूनच आलेली असतात, डबा कितीही घट्ट असला तरी. दाणा हातोडीने फुटेल इतका वाळला की घट्ट पिशवीत घालून फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर गार दाण्यांवर दव धरते. पेरायचे दाणे नीट वाळलेले असतील तर याने त्यांची उगवण जात नाही. ओलसर दाणे मात्र मरतात.

थोडे चाखून पाहिले तर बिघडले की नाही कळत नाही का?

कळत नाही. चाखणे ही चाचणी म्हणून कधीच वापरू नका. झाकण फुगले, उघडताना फसकन फवारा आला, पाणी अकारण गढुळले, सील सुटले होते किंवा आपण आम्ल घातले होते की नाही हेच आठवत नाही, तर बाटली न चाखता टाका. ती अशा ठिकाणी टाका की मुलांच्या किंवा जनावरांच्या तोंडी जाणार नाही. वाईट वाटते, मलाही वाटले आहे. एका हंगामाच्या मेहनतीच्या सात बाटल्या मी एकाच दुपारी टाकल्या, कारण लेबलावर लिंबूरसाची खूण नव्हती.

या सगळ्याला वेळ किती जातो?

लागवडीला कमी, टिकवायला जास्त, आणि तोही एकदम येतो. दहा किलो टोमॅटो धुऊन, सोलून, शिजवून, भरून, उकळून फळीवर लागेपर्यंत दोघांचा अख्खा दिवस जातो. हे काम एकट्या बाईच्या अंगावर पडले तर दुसऱ्या वर्षी ती कंटाळते आणि तिचे बरोबरच असते. कामाचा दिवस ठरवा आणि घरातल्या सगळ्यांना त्या दिवशी ओट्यापाशी बोलवा. मुले शेंगा सोलतात, लेबले लिहितात. माल एकदम येऊ नये म्हणून घेवडा, पालेभाज्या दर दोन-तीन आठवड्यांनी थोड्याथोड्या पेरा.

नोंदी ठेवायच्या का? काय लिहायचे?

नक्की ठेवा. आठवण दगा देते, विशेषतः मागच्या वर्षी काय उरले आणि काय कमी पडले याबद्दल. बरणीवर तीन गोष्टी असाव्यात, पदार्थ, तारीख आणि तो टिकण्याचे कारण: ‘लिंबूरस २ चमचे’, ‘मीठ २.५ टक्के’, ‘६० अंश, ९ तास’. वहीत वाण, पेरणीची तारीख, पहिली तोडणी, एकूण वजन, किती टिकवले आणि शेवटची बरणी कोणत्या महिन्यात उघडली. हा शेवटचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत. माझ्या वहीत मागच्या वर्षी त्या रकान्यात टोमॅटोसमोर ‘दहावा महिना’ आणि वाळलेल्या मिरचीसमोर ‘अजून अर्धी बरणी शिल्लक’ असे होते. यंदा टोमॅटोची तीन झाडे वाढवली आणि मिरचीची दोन कमी केली.